गवताची माणसं: केटलवेलच्या बुजगावण्यांचे अनुभव लिहूया

मंडळी, जुलै संपत आला की आमच्या घरात एकच विषय असतो, या वर्षी केटलवेलला कधी जायचं. मागच्या रविवारी एका स्नेह्यांकडे जेवायला जमलो होतो, तिथे हा विषय निघाला आणि लक्षात आलं की आपल्यातले बरेच जण तिथे जाऊन आलेत, पण प्रत्येकाने बघितलेलं गाव वेगळं आहे. म्हणून हा धागा काढते आहे. केटलवेलला गेला असाल तर तिथलं लिहा. गेला नसाल, पण चिंध्या-गवताच्या माणसाशी तुमचा कधी संबंध आला असेल, मग तो शेतात असो की जत्रेत, तर तेही हक्काने लिहा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. केटलवेल हे उत्तर इंग्लंडात यॉर्कशरमधलं, वॉर्फ नदीच्या वरच्या खोऱ्यातलं गाव. वस्ती तीनशेच्या आसपास. चुनखडीची करडी घरं, माती-चुना न घालता नुसता दगडावर दगड रचून केलेले आपल्या कोकणातल्यासारखे गडगे, गावातून खळखळत जाणारा ओढा, मागे ग्रेट व्हर्नसाइडचा डोंगर आणि जिकडे बघाल तिकडे मेंढ्या. गावातल्या चिमुकल्या प्राथमिक शाळेसाठी पैसे उभे करायचे म्हणून १९९४ साली इथे बुजगावण्यांचा उत्सव सुरू झाला. ऑगस्टमध्ये नऊ दिवस गावकरी दारात, परसात, भिंतीवर, पुलाजवळ, जमेल तिथे बुजगावणी मांडतात. आपण एक पत्रक विकत घ्यायचं, त्यातली कोडी सोडवत गावभर फिरायचं. जमलेला पैसा शाळा, चर्च आणि गावाच्या सभागृहाच्या कामी येतो.

सुरुवात मीच करते.

लीड्सहून, धागा काढणारी

माझे वडील, आमचे दादा, मंगळवेढ्याचे. सगळा जन्म ज्वारीत गेला. सहा वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा आणि एकदाच इकडे आले. लंडन दाखवलं, राजवाडा दाखवला, दादांनी सगळं बघून "चांगलंय" म्हटलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांना करमेना. मग एका शनिवारी आगगाडीने स्किप्टन आणि तिथून ७२ नंबरच्या बसने केटलवेल गाठलं. कुठे चाललोय ते मी सांगितलं नव्हतं.

बसमधून उतरल्यावर समोरच बाकावर एक टोपीवाला म्हातारा बसला होता. दादांनी सवयीने हात जोडले. जवळ गेल्यावर कळलं, बाहीतून काड बाहेर डोकावतंय. दादा तिथेच खाली टेकले आणि त्यांनी त्या बुजगावण्याची पँट, बूट, गुडघ्याचा वाक, सगळं हाताने चाचपून बघितलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून प्रश्न विचारला, "हे कुणी केलं?"

पुढे पुलाच्या अलीकडे एका घरासमोर पोस्टमन उभा होता. त्याचा उजवा हात खांद्यातून गळाला होता, पत्रांची पिशवी जमिनीवर. "याचा आळा सुटलाय," दादा म्हणाले. आळा म्हणजे काडाला पीळ देऊन केलेला बंध. मी सुतळी शोधायला पर्स उघडली, तोवर त्यांनी बाहीतून मूठभर काड ओढलं होतं. गव्हाचं काड, बोटांत सरकणारं. ते त्यांनी ओढ्याच्या पाण्यात बुडवलं, झटकलं, तळहातावर घेऊन पीळ दिला, मध्ये दुमडून पुन्हा उलटा पीळ दिला. पेंढी बांधताना कडब्याचा आळा करतात तसा. खांद्याभोवती दोन वेढे घालून टोक आत खोचलं, गाठ न मारता. हात वर गेला आणि तिथेच राहिला.

घरातून एक आजी बाहेर आल्या. दादांना इंग्रजी येत नाही, आजींना मराठी येण्याचा प्रश्न नव्हता. त्यांनी बोटाने आळ्याकडे दाखवलं, दादांनी तो सोडून पुन्हा सावकाश करून दाखवला. आजींनी दोनदा करून पाहिला, तिसऱ्यांदा जमला. मग त्यांनी आम्हाला चहा आणि फळांच्या केकबरोबर चीजचा तुकडा दिला. केकबरोबर चीज खायची तिथली रीत आहे. दादांनी तो तुकडा भाकरीबरोबरचा खर्डा खावा तसा चवीने खाल्ला.

बसमध्ये बसल्यावर म्हणाले, "बुजगावणं इतकं नीटनेटकं मी कधी केलं नाही. आपण ते पाखरांसाठी करतो ना."

मँचेस्टरहून, दोन मुलांचा बाबा

आम्ही चारदा गेलो आहोत. मुलं आता अकरा आणि आठ वर्षांची आहेत. आमच्याकडे केटलवेल म्हणजे कोडी. मुलांच्या हातात पत्रक पडलं की आईबाप त्यांना दिसत नाहीत. अर्धी कोडी शब्दांच्या खेळावर असतात आणि उत्तर एखाद्या बुजगावण्याच्या अवतीभवतीच दडलेलं असतं. मागच्या खेपेला एका कोड्यापाशी आम्ही पाऊण तास अडलो. शेवटी धाकटीने जमिनीवर पालथं पडून बुजगावण्याच्या खुर्चीखाली बघितलं आणि उत्तर तिथे सापडलं. उठली तेव्हा पुढची सगळी चिखलाने माखली होती आणि चेहऱ्यावर काय आनंद होता!

जाणार असाल तर: गाडी शेतात लावावी लागते, त्याचे पैसे उत्सवालाच जातात, म्हणून सुटे पौंड जवळ ठेवा. गमबूट न्या, ऑगस्ट असला तरी. सकाळी दहाच्या आत पोहोचा. दुपारी गावातल्या अरुंद रस्त्यावर गाड्या समोरासमोर अडकतात. आणि गर्दी असली तरी सगळं गाव चाला. मुख्य रस्त्यावरची बुजगावणी सगळेच बघतात, पण ओढ्याच्या वरच्या अंगाला, शेवटच्या दोन-चार घरांपाशी, जी असतात ती फार मायेने केलेली असतात.

न्यूकॅसलहून, पूर्वी वॉर्फच्या खोऱ्यात राहिलेली

मी पाहुणी म्हणून नाही, करणारी म्हणून लिहिते आहे. नवऱ्याच्या कामामुळे आम्ही केटलवेलमध्ये दीड वर्ष भाड्याने राहिलो. जूनमध्येच शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमच्या दारात काय बसवणार?" बसवणार का, असं नाही, काय बसवणार. गावात राहता म्हणजे तुमच्या दारात बुजगावणं असणारच, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. परदेशात आल्यापासून मला कुणी इतक्या सहजपणे आपल्यात घेतलं नव्हतं.

मी जात्यावर बसलेली आजी करायचं ठरवलं. आता करणी सांगते, कारण हे कुठे लिहिलेलं मिळत नाही. पाठीचा कणा म्हणजे झाडूचा जुना दांडा. धडाला कोंबड्यांच्या खुराड्याची तारेची जाळी वळवून घ्यायची, ती हवी तशी वाकते आणि आकार धरून ठेवते. शेजारच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं की आत सगळं गवत भरू नकोस, पावसात भिजलं की चौपट जड होतं आणि चौथ्या दिवशी माणूस कंबरेत मोडतो. आत प्लास्टिकच्या पिशव्यांचे बोळे भरायचे, गवत फक्त मनगटापाशी, गळ्यापाशी आणि पायाशी, दिसण्यापुरतं. डोकं म्हणजे फिकट रंगाच्या जुन्या पायमोज्यात कापूस ठासून केलेला गोळा. नाक करायला आतला कापूस बाहेरून चिमटीत धरायचा आणि मुळाशी दोऱ्याचे चार टाके घालायचे. त्या चार टाक्यांनी गोळ्याचा चेहरा होतो. ते मी तीनदा उसवलं. पहिल्या वेळी माझ्या मोठ्या जावेसारखी दिसायला लागली होती!

जातं फोमच्या दोन जाड चकत्यांचं, वरून करडा रंग. खुंटा लाकडी चमच्याचा. साडी माझ्या आजीचीच, इरकली, नऊवारी, एका जागी विरलेली. ती नेसवायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण काष्टा घालायला बुजगावण्याला मागे वळता येत नाही. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प झाली. आपल्या आईची साडी बुजगावण्याला, हे तिला कसं वाटेल याची मला धाकधूक होतीच. मग म्हणाली, "कुंकू लावलंस का?" मी लाल लोकरीचा ठिपका शिवला.

नऊ दिवस लोक थांबून बघत होते. ही काय करतेय, असं बऱ्याच जणांनी विचारलं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारावं लागलं नाही. तो म्हणाला, असे दगड नांगरताना इकडेही सापडतात, फार जुने. हात गोल फिरवून त्याने दळण्याची खूण केली.

पाचव्या रात्री धो धो पाऊस पडला. मला झोप येईना, पण अंधारात जाऊन काय करणार. सकाळी दार उघडलं तर आजीच्या डोक्यावर मोठी काळी छत्री होती, दांडा जाळीत खोचून तारेने बांधलेला, आणि खांद्यावर पिवळा रेनकोट. कुणी केलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी रेनकोट वाळवून भिंतीवर ठेवला, दुपारी तो तिथे नव्हता.

जालना जिल्ह्यातून, शेतकरी

सगळ्यांचं वाचलं, बरं वाटलं. आमच्या इकडचं लिहितो.

बुजगावणं करायला आम्हाला अर्धा तास लागतो. दोन काठ्या आडव्या-उभ्या बांधायच्या, फाटका सदरा, डोक्याला फुटकं मडकं, त्यावर चुन्याने डोळे. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्या येतात. हजारांनी. थवा वळला की आभाळात काळी चादर झटकल्यासारखी दिसते. त्या पार मध्य आशियातून येतात म्हणे. लहानपणी आम्ही माळ्यावर, म्हणजे शेतातल्या मचाणावर, बसून गोफण फिरवायचो, पत्र्याचा डबा बडवायचो. बुजगावणं हे त्या राखणदाराचं मदतनीस, एकटं ते काही करत नाही. आणि एका जागी ठेवलं तर पाखरं ओळखतात. माझा बाप दर तीन दिवसांनी त्याची जागा बदलायचा, आठवड्याने सदरा बदलायचा. आळस केला की चौथ्या दिवशी साळुंकी त्याच्याच डोक्यावर बसून कणीस खाते.

आता आमच्या शिवारात सगळीकडे सोयाबीन आणि कपाशी. एखादा जण ज्वारी पेरतो आणि मग सगळ्या पंचक्रोशीतली पाखरं त्या एकट्याच्या रानात उतरतात. म्हणून पुढच्या वर्षी तोही पेरत नाही. खायला ज्वारी विकत आणतो. रानडुकरांसाठी शेताभोवती जुन्या साड्या बांधतो. जुन्या कॅसेटची फीत ताणून बांधली की वाऱ्यावर गुणगुणते, तिचा थोडा उपयोग होतो.

मला एक विचारायचं आहे. त्या केटलवेलमध्ये पीक कोणतं? राखायचं काय असतं?

धागा काढणारी

जालन्याचे दादा, तुमच्या प्रश्नावर मी थबकलेच. त्या गावाभोवती पीक नाहीच. उंच, थंड, पातळ मातीचा भाग आहे. मेंढ्यांची कुरणं आणि गवताची कापणी, एवढंच. काडसुद्धा बाहेरून आणावं लागत असणार. म्हणजे ज्या गावाला बुजगावण्याची गरज नाही, त्या गावाने ते माणसं बोलवायला उभं केलं.

शब्दाची एक गोष्ट तुम्हाला आवडेल. आपल्याकडे गुरं-पाखरं बुजतात, म्हणून बुजगावणं. उत्तर इंग्लंडच्या जुन्या बोलीत भिववणे याला 'फ्ले' म्हणतात आणि बुजगावण्याला 'फ्लेक्रो', म्हणजे कावळे बुजवणारा. शब्दाची घडण अगदी आपलीच. स्कॉटलंडमध्ये तर त्याला 'टॅटी बोगल' म्हणतात, बटाट्याच्या शेतातलं भूत.

लेस्टरहून, निवृत्त शिक्षिका

मी अहमदनगर जिल्ह्यात एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. आता मुलीकडे असते. केटलवेलला तिने मागच्या वर्षी नेलं.

वरच्या शेतकरी दादांचं वाचून मला हजेरीपट आठवला. सुगी आली की माझ्या वर्गात आठ-दहा जागा रिकाम्या असायच्या. बापाला विचारलं की उत्तर ठरलेलं, "बाई, राखणीला आहे." मी कितीदा बांधावर जाऊन पोरांना माळ्यावरून उतरवून आणलं आहे. एक मुलगी पाढे पाठ करत गोफण फिरवायची. दोन्ही कामं तिने चुकवली नाहीत, पण तिची परीक्षा मात्र चुकली, आणि ते मला आजही लागतं.

इंग्लंडातही हेच होतं. एकोणिसाव्या शतकात इथे गरिबांची सहा-सात वर्षांची मुलं दिवसभर शेतात लाकडी खुळखुळा वाजवत, ओरडत पाखरं हाकत. थंडीत, पावसात, एकटी, दिवसाला दोन-चार पेन्सवर. १८८० साली पाच ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची झाली, तरी सुगीत मुलं शाळेतून गायब होणं पुढेही चालू राहिलं. म्हणजे पेरलेलं राखायला एक तर बुजगावणं लागे, नाही तर मूल.

हे डोक्यात असल्यामुळे केटलवेलमध्ये मी एका घरापुढे बराच वेळ उभी राहिले. बुजगावण्यांचा वर्ग होता. पाच-सहा छोटी मुलं, बाकावर, काडाचे केस, पुढ्यात पाट्या. आणि हा पैसा शाळेला जातो. ज्या मुलाच्या जागी बुजगावणं उभं राहिलं, तेच बुजगावणं आता मुलाच्या शाळेचा फळा-खडू बघतं. मुलीने फोटो काढू का विचारलं, मला बोलता येईना.

ओसाकाहून

ताई, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून लिहायला बसलो. मी जपानमध्ये नोकरीला आहे. इथे शिकोकू बेटावर, इया खोऱ्याच्या आत, नागोरो नावाचं गाव आहे. माणसं तिसाच्या आत आणि बाहुल्या त्याच्या दहापट. त्सुकिमी आयानो नावाच्या बाई ओसाकाहून वडिलांची काळजी घ्यायला गावी परत गेल्या. बी पेरलं ते पाखरांनी खाल्लं, म्हणून त्यांनी वडिलांसारखं दिसणारं एक बुजगावणं केलं. जाणारे-येणारे त्यालाच वडील समजून नमस्कार करू लागले. मग गावातलं कुणी वारलं की, कुणी शहराकडे गेलं की, त्या एकेक बाहुली करत गेल्या.

मी दोन वर्षांपूर्वी गेलो. रस्ता इतका अरुंद की समोरून ट्रक आला तर एकाने मागे जायचं. वळण घेतलं आणि बसथांब्यावर पाच जण बसलेले दिसले. कुणीच खरं नव्हतं. पुढे एक जोडपं शेतात वाकलेलं, एक जण टेलिफोनच्या खांबावर चढलेला. आवाज फक्त नदीचा.

गावातली शाळा २०१२ साली बंद झाली. शेवटचे दोन विद्यार्थी होते. आता वर्गात बाहुल्या बसल्या आहेत, फळ्यापाशी मास्तरांची बाहुली. मी दारातच उभा राहिलो. आत जाताना बूट काढायचे असतात, ते काढले, आणि मागच्या बाकावर बसलो. किती वेळ ते सांगता येत नाही. माझी स्वतःची शाळा साताऱ्याकडच्या एका वाडीतली, दोनशिक्षकी. पटसंख्या कमी म्हणून तिच्या भवितव्याची चर्चा घरच्या फोनवर दर वर्षी असते.

केटलवेल आणि नागोरो ही दोन्ही गावं मला एकाच रस्त्यावरची वाटतात. एकात बुजगावणी शाळेसाठी उभी आहेत, दुसऱ्यात शाळेत बसली आहेत.

बुजगावण्याला जपानी भाषेत 'काकाशी' म्हणतात. मुळात तो शब्द वास देणे या अर्थाचा आहे, कारण पूर्वी केस, मासे असलं काहीबाही जाळून त्या दुर्गंधीने जनावरं पळवत. आणि इ. स. ७१२ मधल्या 'कोजिकी' या त्यांच्या प्राचीन ग्रंथात कुएबिको नावाचा बुजगावण्याचा देव आहे. त्याला चालता येत नाही, पण जगात काय चाललंय ते सगळं त्याला ठाऊक असतं. रात्रंदिवस एका जागी उभं राहिल्यावर दुसरं होणार काय!

नागपूरचा, सध्या शेफील्डला

आमच्या इकडे तर पुतळ्यांचाच सण आहे, मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी मारबत आणि पिवळी मारबत निघते. सव्वाशे वर्षांहून जुनी चाल. कामट्या, कागद, कापड, रंग. बरोबर बडगे असतात, त्या वर्षी लोकांना ज्याचा ज्याचा राग आला त्याचे पुतळे. महागाई, भ्रष्टाचार, रोगराई, काहीही. पोरं ओरडत असतात, "इडा पीडा घेऊन जा गे मारबत!" शेवटी गावाबाहेर नेऊन जाळतात.

मी लहान असताना आजी मला खांद्यावर घ्यायची आणि सांगायची, तुझा खोकला पण दे तिला. मी खरंच जोरात खोकायचो, मारबतीकडे तोंड करून. केटलवेलमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा शेवटच्या दिवशी ही सगळी बुजगावणी कुठे जाळतात, असं एका काकांना विचारलं. ते दचकलेच. म्हणाले, जाळतील कशाला, चांगले कपडे आहेत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून गोठ्यात ठेवतात, पुढच्या वर्षी डोकं तेच, अंगावर दुसरं. मला ते ऐकून बरं वाटलं, आणि थोडी चुकचुकही लागली. खोकला द्यायला कुणीतरी पाहिजे ना बाप्पा.

मडगावहून

वरच्या भाऊंना दुजोरा. आमच्या गोव्यात दिवाळीच्या पहाटे नरकासुर जाळतात. आठ-दहा दिवस वाड्यावरची मुलं रात्र-रात्र जागून गवत, कागद, जुने कपडे यांचा राक्षस करतात आणि नरक चतुर्दशीच्या उजाडतीला पेटवतात. माझा मुलगा दर वर्षी रडायचा. सात वर्षांचा असताना त्याने जाळण्याआधी नरकासुराच्या पायातली चप्पल काढून घेतली, ती अजून माडीवर आहे.

यॉर्कहून

दोन ओळी फक्त. माझी लेक अडीच वर्षांची असताना आम्ही गेलो आणि ती पहिल्याच बुजगावण्याला घाबरून किंचाळली. दुकानाशी उभ्या असलेल्या एका बाईंनी येऊन बुजगावण्याचा हात हातात घेतला, त्याच्याशी गप्पा मारल्या, मग लेकीचा हात त्याच्या हातमोज्यात ठेवला. घरी येताना लेक प्रत्येकाला बाय करत होती. लहान मुलं असतील तर घाईने जवळ नेऊ नका, आधी लांबून ओळख करून द्या.

लँकेस्टरहून

ऑगस्टपर्यंत ज्यांना धीर नाही त्यांच्यासाठी: आमच्या जवळ रे नावाचं गाव आहे, तिथेही १९९० च्या दशकापासून बुजगावण्यांचा उत्सव भरतो. एप्रिलअखेरीला सुरू होतो आणि मेच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीला जत्रा असते. तिथली बुजगावणी जास्त धिप्पाड असतात, काही तर मिरवणुकीत चालतात, आत माणूस असतो. केटलवेल निवांत, रे गजबजलेलं. मला दोन्ही हवीत.

धागा काढणारी

इतकं येईल असं वाटलं नव्हतं. दादांना परवा फोनवर सगळं वाचून दाखवलं. जालन्याच्या दादांचं "एकटं ते काही करत नाही" हे त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मडगावच्या चपलेचं ऐकून हसले. मग विचारलं, "त्या पोस्टमनचा हात?" मी सांगितलं की मागच्या वर्षी तो पोस्टमन नव्हता, त्याच दारात मेंढपाळ होता, हातात काठी. पण खांद्याला काडाचा आळाच होता, गाठ न मारलेला, टोक आत खोचलेलं. आजी खिडकीतून बघत होत्या, त्यांनी खांद्याला हात लावून दाखवला.

आता कामाचं. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही लीड्सहून सकाळी पावणेआठची गाडी पकडतोय, पुढे स्किप्टनहून बस. आत्तापर्यंत नऊ जण नक्की आहेत. शेफील्डच्या भाऊंनी दोन गाड्यांची सोय होईल म्हटलंय, त्यामुळे लहान मुलं असलेल्यांनी त्यांना कळवा. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी माझ्याकडे. न्यूकॅसलच्या ताई येणार असतील तर त्यांनी नाकाचे ते चार टाके दाखवावेत, मी पायमोजे आणि कापूस घेऊन येते. आणि कुणाकडे जुना पांढरा सदरा असेल, आणि गांधी टोपी, तर टाकू नका. आजींना पत्र लिहून विचारलंय, या वर्षी त्यांच्या दारात आणखी एकाला बसायला जागा आहे का.